तिला खरोखर वाईट होऊ द्या : मराठी कुमारसाहित्याच्या प्रकाशक-संपादकांना खुलं पत्र

मराठीत किशोर आणि कुमार वाचकांसाठी पुस्तकं काढणाऱ्या सर्व प्रकाशक आणि संपादकांस,

स. न. वि. वि.

मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. बालविभाग आणि त्याला लागून असलेलं 'मोठ्या मुलांचं' कपाट माझ्याकडे आहे. पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगते. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींना मराठीत अशा अद्भुत कादंबऱ्या हव्या आहेत, ज्यांची नायिका वाईट वागते. तोंडाने फटकळ पण मनाची निर्मळ, अशी नको. लोकांनी उगाच बदनाम केलेली, अशीही नको. मला म्हणायची आहे ती सत्तेची हाव असलेली, सूड घेणारी, जवळच्या माणसांचा वापर करणारी मुलगी, आणि हे सगळं वाचकाला तिच्या मनात शिरून बघायला मिळतं असं पुस्तक.

इंग्रजीत अशी पुस्तकं गेल्या दहा-बारा वर्षांत भरपूर आली. ती आमच्या गावातही येऊन पोचली आहेत, कुणाच्या पुण्यातल्या मावशीकडून, कुणाच्या अमेरिकेतल्या काकांच्या बॅगेतून, देणगीच्या खोक्यांतून. ज्यांना इंग्रजी सरावाचं आहे त्या मुली ती वाचतात. ज्यांना नाही त्या मैत्रिणीकडून गोष्ट ऐकतात. तुमच्याशी बोलते आहे ती या दुसऱ्या मुलींच्या वतीने.

एक पुस्तक जरा जवळून दाखवते, कारण 'खलनायिका' म्हटलं की आपल्याकडे पटकन मालिकेतली कारस्थानी जाऊ डोळ्यांसमोर येते आणि इथे मामला फार वेगळा आहे. मरी लू या लेखिकेची 'द यंग एलिट्स' ही कादंबरी २०१४ साली आली, पुढचे दोन भाग २०१५ आणि २०१६ मध्ये. केनेट्रा नावाचा कल्पित देश आहे, त्यावर प्रबोधनकाळातल्या इटलीची छाया. रक्तज्वराची साथ येऊन गेली आहे. जी मुलं त्यातून वाचली त्यांच्यातल्या कित्येकांच्या अंगावर साथीच्या खुणा राहिल्या आणि लोक अशा मुलांना अपशकुनी मानतात. अ‍ॅडेलिना त्यातलीच. तिचा एक डोळा गेला, केस रुपेरी झाले. धाकटी बहीण व्हायोलेटा त्याच तापातून रूप शाबूत ठेवून सुटली. बाप व्यापारी. एका रात्री अ‍ॅडेलिना चोरून ऐकते की बाप तिचा सौदा करतो आहे. तोही लग्नाचा नाही. कर्ज फिटावं म्हणून एका माणसाने तिला ठेवून घ्यावी, असा. ती पावसात घोड्यावरून पळते. बाप तिला गाठतो. त्या झटापटीत तिच्या आत दडलेली शक्ती एकदम बाहेर फुटते, घोडा बिथरतो आणि बाप त्याच्या टापांखाली मरतो.

इथपर्यंत कुणीही वाचक तिच्याच बाजूने असतो. पुढे काय होतं ते खरं महत्त्वाचं. अ‍ॅडेलिनाची शक्ती भास निर्माण करण्याची आहे. समोरच्याला नसलेली आग दिसते, नसलेल्या वेदना होतात. तिच्यासारख्याच मुलांची एक गुप्त टोळी तिला आसरा देते आणि तिथे तिची परीक्षा होते. राफाएल नावाचा तरुण तिच्याभोवती निरनिराळी रत्नं मांडतो. माणसाच्या स्वभावाशी ज्या रत्नाचं नातं, ते उजळतं. अ‍ॅडेलिनापुढे भीतीचं रत्न उजळतं, संतापाचं उजळतं, आणि पाहणारा हबकतो. तिची शक्ती वाढते ती या दोन गोष्टींवर, दुसऱ्याची भीती आणि स्वतःचा राग. म्हणजे जितकी ती दुखावली जाईल तितकी ती सामर्थ्यवान होणार, आणि सामर्थ्याची चटक लागली की दुखवायला आणि दुखावून घ्यायला कारण शोधणार. पहिल्या भागाच्या शेवटी तिच्या हातून आपल्याच माणसांचा घात होतो. दुसऱ्या भागात ती स्वतःची टोळी उभी करून सिंहासनाच्या मागे लागते. तिसऱ्या भागात ती राणी आहे, मुलुख जिंकते आहे, आणि रात्री तिचे स्वतःचेच भास तिच्या ताब्यात राहत नाहीत. ज्या बहिणीवर तिचा जीव होता, तीही जवळ उरलेली नाही.

लेखिकेने सांगितलेली एक गोष्ट तुम्हा संपादकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. मूळ आराखड्यात नायक होता एक मुलगा, शक्ती मिळालेला, हळूहळू वीर होत जाणारा. अ‍ॅडेलिना बाजूचं एक पात्र होती. खरी कथा हिच्यात आहे, हे लेखिकेच्या एजंटने, म्हणजे हस्तलिखित आधी वाचणाऱ्या व्यक्तीने, दाखवून दिलं. आपल्याकडे एजंट नाहीत. ते काम तुमचं आहे. तुमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांतही अशी एखादी मुलगी कोपऱ्यात उभी असेल.

आमच्या वाचनालयात या पुस्तकाची एकच प्रत आहे, देणगीत आलेली. नववीतल्या एका मुलीने ती नेली आणि बऱ्याच उशिरा परत केली, कारण मोबाइलवर शब्द शोधत शोधत वाचत होती. परत देताना म्हणाली, "मॅडम, एका पानाचा कोपरा दुमडलाय, रागवू नका. तिथपर्यंत मला तिचं पटत होतं. तिथून पुढे पटेनासं झालं." मग तिने ते पुस्तक मैत्रिणीला दिलं, तिने पुढच्या कुणाला. आज त्या प्रतीत चार-पाच ठिकाणी कोपरे दुमडलेले आहेत आणि सगळे निरनिराळ्या पानांवर. दुमडलेलं पान दिसलं की सरळ करायचं, ही माझी इतक्या वर्षांची सवय. हे कोपरे मी तसेच ठेवले आहेत. त्यावरून मुलींचं भांडण होतं. "बापाला मारलं तेव्हाच ती संपली," असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणते, "बापाला मारलं ते बरोबरच होतं, तिने पुढे बहिणीला जे केलं ते चूक." पाप-पुण्यावर इतकी बारीक चर्चा मी मूल्यशिक्षणाच्या तासाला ऐकलेली नाही, आणि मी शाळेतही काही वर्षं काढली आहेत. त्या मुलीने जाता जाता विचारलं होतं, "याचं मराठी आहे का? माझ्या बहिणीला वाचायचंय." माझ्या कपाटात तिला द्यायला काही नव्हतं.

आता तुमच्या बाजूने काय येईल ते मला ठाऊक आहे, कारण ग्रंथप्रदर्शनांतून ते मी ऐकलेलं आहे. मुलींना आदर्श द्यायला हवेत. पालक काय म्हणतील. शाळा घेणार नाहीत. शासनमान्य यादीत बसणार नाही. यातल्या विक्रीच्या अडचणी खऱ्या आहेत, त्यांच्याकडे नंतर येते. आदर्शाच्या मुद्द्याचं उत्तर मात्र आपल्याच कपाटात आहे.

'मृत्युंजय' १९६७ साली आली. कर्णाने भर सभेत द्रौपदीबद्दल काय उद्गार काढले आणि तिच्या वस्त्रांबद्दल दुःशासनाला काय सांगितलं, हे महाभारत वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही मराठी घरांतली मुलं-मुली पिढ्यान् पिढ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती कादंबरी रात्र रात्र जागून वाचत आली. त्यात कर्ण स्वतः बोलतो. दुर्योधनालाही स्वतःचं प्रकरण मिळालं आहे, आपलं म्हणणं मांडायला. ती वाचून मराठी मुलगे भर सभेत स्त्रीचा अपमान करायला शिकले, असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. ते शिकले की अपमान गिळून वाढलेला माणूस चुकीच्या बाजूला कसा जातो, उपकाराच्या ओझ्याखाली कसा वाकतो. आमच्या वाचनालयात सर्वांत जास्त वेळा नव्याने बांधून घेतलेलं पुस्तक तेच आहे. चुकीच्या बाजूला उभ्या असलेल्या पुरुषाला समजून घ्यायची ही ताकद मराठी वाचकात आहे, कोवळ्या वयातही आहे. मग मुलीच्या बाबतीत ती नसेल असं आपण कशावरून धरून चालतो?

बाईला असा आवाज आपल्याकडे मिळालाच नाही, असंही नाही. १९५९च्या 'ययाति'त देवयानी स्वतः बोलते. विहिरीत ढकलल्याचा राग, राजकन्येला दासी करून घेतल्याचं समाधान, सगळं तिच्या तोंडून येतं. अहंकारी, कठोर, सूड न विसरणारी बाई खांडेकरांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मराठी वाचकापुढे उभी केली. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या स्त्रियांना देव्हाऱ्यातून खाली आणून माणूस म्हणून बघायला शिकवलं. पण ही मोठ्यांची पुस्तकं. 'ययाति' शेवटी ययातीचीच आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला हवी असते पंधरा-सोळा वर्षांची देवयानी, विहिरीच्या काठावर, अजून काहीच ठरलेलं नाही अशी.

लहान मुलांच्या बाबतीत तर आपण हे कधीच मान्य केलं आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मध्ये प्रेक्षागृह दणाणतं ते चिंची चेटकिणीच्या प्रवेशाला. दिलीप प्रभावळकरांनी ती केली, अलीकडे वैभव मांगल्यांनी केली, आणि दोन्ही वेळा पोरं घरी जाऊन राजकन्येची नक्कल करत नव्हती, चेटकिणीची करत होती. सहा-सात वर्षांच्या मुलीला आपण चेटकिणीसारखं खदखदून हसू देतो. तीच मुलगी तेरा वर्षांची झाली की तिच्या हातात फक्त शूर, समंजस, सोसणाऱ्या आणि शेवटी सगळ्यांना माफ करणाऱ्या मुलींची पुस्तकं ठेवतो. आणि हे नेमकं त्याच वयात, जेव्हा तिला आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा राग यायला लागलेला असतो.

त्या रागाबद्दल थोडं बोलू द्या. मी रोज बघते. आठवीपर्यंत सायकलवरून एकटी येणारी मुलगी नववीत भावाबरोबर येते, आणि भाऊ बाहेर गाडीवर हॉर्न वाजवत थांबलेला असतो. स्पर्धेत पहिली आलेली मुलगी सांगते की जिल्ह्याला जायचं नाही असं घरी ठरलं. तिच्या रंगावरून, उंचीवरून पाहुणे तिच्यासमोरच बोलतात. तिने आवाज चढवला की उद्धट, रडली की नाटकी. हा राग कुठे ठेवायचा, हे तिला कुणी सांगत नाही. अशा वेळी जी नायिका रागावते, तो राग वापरते, त्याची मजा घेते आणि मग त्याच रागाने तिचं काय होतं हे पानोपानी दाखवते, ती या मुलीच्या फार उपयोगाची आहे. आपल्या आत काय आहे याचं तिला नाव मिळतं, आणि ते नाव मिळवायला स्वतः काही जाळावं लागत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र तुम्हाला आत्ताच सावध करते, कारण ही मागणी मान्य करायची ठरवलीत तर पहिली तडजोड इथेच होईल. खलनायिकेची गोष्ट म्हणजे तिच्यावरचा आरोप खोटा ठरवणारी गोष्ट, असा एक सोपा साचा तयार झाला आहे. ती चेटकीण मुळात दयाळूच होती, बदनामी राजाने केली, अशी. या गोष्टींतही चांगल्या आहेत. इतिहास जिंकणाऱ्यांनी लिहिला, हे मुलांना कळायलाच हवं. पण त्यात नायिका पुन्हा एकदा चांगलीच मुलगी निघते. वाचणाऱ्या मुलीला संदेश तोच जातो, की चांगली असशील तरच तुझी गोष्ट सांगण्यासारखी. ज्या मुलीने खरंच खोटं बोललं आहे, मैत्रिणीचं नाव सांगून स्वतः सुटली आहे, धाकट्या बहिणीचा मत्सर केला आहे, तिला या पुस्तकात जागा नाही. म्हणून माझा आग्रह खऱ्या वाईट नायिकेचा आहे. तिच्या गुन्ह्याला कारण असू द्या, भरपूर असू द्या. पण गुन्हा पुसून टाकू नका.

हे किती चांगलं जमू शकतं याचं एक उदाहरण ज्यूली सी. दाओ यांच्या दोन पुस्तकांत आहे. पहिलं २०१७चं, 'फॉरेस्ट ऑफ अ थाउजंड लँटर्न्स'. हिमगौरीच्या गोष्टीतली ती दुष्ट राणी इथे पूर्व आशियाच्या धर्तीच्या एका साम्राज्यातली शिफेंग नावाची गरीब, देखणी मुलगी आहे. मावशी तिला मारते आणि तू सम्राज्ञी होणार असंही सांगते. तिच्यावर जीव टाकणारा एक तरुण आहे, साधं सुखी आयुष्य समोर आहे, आणि ती ते नाकारते. तिच्या आत काहीतरी राहतं आहे, ज्याला काळजांची भूक आहे. आधी प्राण्यांची. ती खाताना तिला किळस येते आणि बरंही वाटतं, आणि वाचणारीला तिच्याबरोबर दोन्ही सोसावं लागतं. दुसरं पुस्तक पुढच्या वर्षीचं, आणि ते आहे तिच्या सावत्र मुलीच्या बाजूने. म्हणजे पहिल्या पुस्तकात आपण जिच्या मनात राहिलो, तिच्याचपासून दुसऱ्या पुस्तकात जीव वाचवून पळायचं. मुलींना दोन्ही पुस्तकं एका पाठोपाठ एक वाचायला मिळाली, तर 'ही पुस्तकं दुष्टपणा शिकवतात' हा आक्षेप त्या स्वतःच खोडून काढतील.

आणखी दोन सांगते आणि पुढे जाते. कीर्स्टन व्हाइट यांच्या २०१६च्या 'अँड आय डार्कन'मध्ये जादू नाही, पण इतिहास उलटा केलेला आहे. ज्या व्लादवरून पुढे ड्रॅक्युलाचं नाव आलं, तो वॅलेकियाचा क्रूर राजा मुलगी म्हणून जन्मला असता तर? लाडा दिसायला सुंदर नाही, प्रेमळ नाही, आणि तसं व्हायची तिला गरजही वाटत नाही. धाकट्या भावाबरोबर ती ऑटोमन दरबारात ओलीस म्हणून वाढते आणि तिला हवं असतं फक्त आपलं राज्य. आमच्याकडच्या एका मुलीने ते वाचून मला विचारलं, "मॅडम, नायिका सुंदर नसली तरी चालतं?" त्याच वर्षी मारिसा मायर यांची 'हार्टलेस' आली. त्यातली मुलगी उत्तम भाजते, लिंबाच्या टार्ट करते, तिला फक्त स्वतःची बेकरी काढायची आहे आणि घरचे राजाशी लग्न लावायला निघाले आहेत. पुढे हीच मुलगी 'मुंडकं उडवा' म्हणणारी बदामाची राणी होणार, हे ज्यांनी अ‍ॅलिसची गोष्ट वाचली आहे त्यांना पहिल्या पानापासून माहीत असतं, आणि तरी दर प्रकरणाला वाटत राहतं की आता तरी कुणीतरी हिचं ऐकेल.

अनुवाद करायचे तर सुरुवात यांच्यापासून होऊ शकेल. पण मला तेवढ्यावर थांबायचं नाही. या गोष्टी आपल्या मातीतही पडलेल्या आहेत आणि त्या आपण उचलत नाही.

श्रावणातल्या शुक्रवारी घरोघर जिवतीची कहाणी वाचतात. तुमच्यातल्या बहुतेकांनी ती आईच्या मांडीवर ऐकली असेल. आटपाट नगर, राजाला मूल नाही. राणी सुईणीला गाठते आणि एखाद्या नुकत्या जन्मलेल्या मुलाची सोय करायला सांगते. स्वतः दिवस गेल्याचं सोंग घेते. एका गरीब ब्राह्मणीला मुलगा होतो. सुईण तो उचलून राणीकडे पोचवते आणि त्या बाळंतिणीला सांगते, तुला वरवंटा झाला. तिच्यापुढे वरवंटा ठेवते. पुढची सारी कहाणी त्या आईची, तिच्या व्रताची, आणि राजा झालेल्या मुलाची आई त्याला परत मिळण्याची. राणी मध्येच कुठेतरी सुटून जाते.

मला ती राणी हवी आहे. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मूल नाही म्हणून रोज कुणीतरी काहीतरी सुनावत असेल. दुसरी राणी आणायच्या गोष्टी चालल्या असतील. एक दिवस ती खोटं बोलते, आणि त्या खोट्याला आता नऊ महिने रोज वाढवायचं आहे. पोटाला किती कापड बांधायचं, कुठल्या महिन्यात कसं चालायचं, डोहाळे कुठले सांगायचे, डोहाळजेवणाला ओटी भरणाऱ्या बायकांचे हात पोटाच्या किती जवळ येऊ द्यायचे. दासीला कळलं तर तिचं काय करायचं. आणि नगरात कुठेतरी एक खरी गर्भार बाई आहे, जिची वाट ती बघते आहे. ती बाई सुखरूप बाळंत व्हावी म्हणून राणी नवस बोलत असेल का? सुईणीला 'वरवंटा' हे सुचवलं कुणी? बाळ हातात आल्यावर राणीला त्याचा लळा लागला, तर ते प्रेम खोटं का? बारशाला नगरात हत्तीवरून साखर वाटली जात असताना त्या आईच्या घरात वरवंटा तसाच पडून आहे. एवढी भक्कम गोष्ट, आपली, तीही अद्भुत जगातली. तिच्यात देव आहेत, बोलणारं गाय-वासरूही आहे. राणीला निर्दोष ठरवायची काही गरज नाही. तिने मूल चोरलं. चोरताना तिला काय काय वाटलं, ते फक्त सांगा.

तसंच आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला आणि 'ध'चा 'मा' करणारी म्हणून आनंदीबाईंचं नाव महाराष्ट्राच्या तोंडी कायमचं बसलं. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते रघुनाथरावांना. कागदावरच्या त्या अक्षराची गोष्ट ऐकीवच आहे. इतिहासकारांनी त्यावर बोलावं, बोललेही आहेत. मी कादंबरीकाराला सांगेन की खऱ्या घराण्याला हात न लावता त्याच्या सावलीत एक कल्पित वाडा उभा कर. कोकणातून आलेली, हुशार, लिहिता-वाचता येणारी मुलगी, जिचा नवरा पराक्रमी आहे पण गादी कायम पुतण्यांकडे जाते. हातात बोरू आहे. समोर खलिता आहे. आणि या वेळी तिने खरोखरच अक्षर बदललं आहे.

आता तुमच्या धंद्याच्या अडचणी. इंग्रजीतली ही पुस्तकं साडेतीनशे ते पाचशे पानांची असतात आणि बहुतेक दोन-तीन भागांत. मराठीत आणताना पानं आणखी वाढतील, किंमत वाढेल, आणि तालुक्यातलं वाचनालय एका पुस्तकाला तेवढे पैसे देताना दहा वेळा विचार करेल. मग पहिला उपाय सुचतो तो संक्षेपाचा. कृपा करून तो करू नका. संक्षेपात पहिली कात्री लागते ती नायिकेच्या आतल्या घालमेलीला आणि उरतात नुसत्या मारामाऱ्या, म्हणजे नेमकं जे नको तेच. त्यापेक्षा एकाच भागात पुरं होणारं पुस्तक आधी निवडा. साधा कागद वापरा, पुठ्ठ्याची बांधणी नको. आमची पुस्तकं तशीही आम्ही बांधून घेतो.

अनुवाद कुणाला द्यायचा, हेही नीट ठरवा. या कादंबऱ्या प्रथमपुरुषी असल्या तर सगळा भार त्या मुलीच्या आवाजावर असतो. ती पाठ्यपुस्तकासारखी बोलायला लागली की पुस्तक मेलं. रागावलेली सोळा वर्षांची मुलगी मराठीत कशी बोलते, हे ज्या अनुवादकाच्या कानाला माहीत आहे त्यालाच द्या. मग त्याच्या नावावर आधीची पुस्तकं नसली तरी चालेल.

पालकांचा प्रश्न मी हलका मानत नाही. या पुस्तकांत हिंसा असते, काहींत स्वतःला इजा करण्याचे प्रसंग असतात. मुखपृष्ठाच्या मागे साध्या शब्दांत तसं छापा, 'चौदा वर्षांवरील वाचकांसाठी' असं लिहा. मी स्वतः घरच्यांना सांगून पुस्तक देते आणि आजवर बहुतेक आयांनी एकच प्रश्न विचारला आहे, "शेवटी काय होतं तिचं?" यातल्या काही मालिकांत छळणाऱ्या, धमकावणाऱ्या मुलाचा त्रास हेच प्रेम म्हणून रंगवलेलं असतं. तशी पुस्तकं खपतात, पण ती निवडू नका. नायिका क्रूर आहे हे पुस्तकाला कळत असेल तर वाचणारीलाही कळतं. नायकाचा क्रूरपणा पुस्तकालाच कळत नसेल तर मात्र चौदा वर्षांच्या मुलीला तो ओळखू येणं कठीण. एवढी एक गोष्ट पारखली तरी अर्धी निवड होऊन जाईल.

शासनमान्य यादीचं काय होईल, मला सांगता येत नाही. तिथे पुस्तकं सुचवण्याची संधी असते तेव्हा आम्ही ग्रंथपाल मंडळी पत्रं पाठवू. त्यासाठी आधी पुस्तक असावं लागतं.

शेवटचं. तुमच्यापैकी कुणी या वाटेला जाणार असाल, अनुवाद असो की नवी कादंबरी, तर छपाईआधी पहिली दोन प्रकरणं आमच्याकडे पाठवा. शनिवारी दुपारी शाळा सुटली की आमच्या मोठ्या टेबलाभोवती आठवी ते अकरावीच्या मुली असतात. मी वाचून दाखवेन. नायिकेचा आवाज खरा वाटतो की बाईंसारखा वाटतो, कुठे कंटाळा आला, कुठे पटेनासं झालं, हे त्या स्वतःच्या अक्षरात लिहून देतील आणि मी ते कागद जसेच्या तसे तुम्हाला पाठवीन. मानधनाची अपेक्षा नाही. पुस्तक निघालं की दोन प्रती द्या, एक कपाटासाठी आणि एक ज्या मुलीने मराठी प्रत मागितली होती तिच्या बहिणीसाठी. ती या वर्षी आठवीत गेली आहे.

आपली,
एका तालुका वाचनालयाची ग्रंथपाल